बारा पेरं आणि एक शेत

मागच्या रविवारी फोनवर धाकटीने मला विचारलं, "आजी, मम्माच्या कपाटात एक निळं पुस्तक सापडलं. त्यात लिहिलंय की ती विमान चालवायची. खोटं ना?" मागून थोरला ओरडला, "अगं, तिला साधी गाडी पार्क करायला तीन वेळा मागेपुढे करावं लागतं!" आणि त्याच्याही मागून तुमच्या आईचा आवाज आला, "ते जुनं आहे. होतं तिथे ठेवा."

तर ते खोटं नाही. तुमची आई सांगणार नाही, कारण ती कुठलीच गोष्ट दोन वाक्यांपलीकडे सांगत नाही. मी सांगते, आणि क्रमाने सांगते. जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवल्यामुळे क्रम सोडून बोलायची मला सवय नाही. या गोष्टीत त्या सवयीनेच आम्हाला गोत्यात आणलं, तेही ओघात येईलच.

तेव्हा आम्ही चौघं जूचंद्रच्या घरात राहत होतो. मी, तुमचे आजोबा, त्यांची आई म्हणजे तुमची पणजी, आणि तुमची आई, वय वर्षं बावीस. घरामागे आपली भातशेती होती, तिच्यापलीकडे खाजण, म्हणजे खाडीच्या भरतीचं पाणी जिथे शिरतं ती खारी जमीन, आणि त्याच्याही पलीकडे मिठागरं. गच्चीवरून मिठाचे ढीग दिसत. मी मुंबईत वाढलेली, एम.ए. झालेली, लग्न होऊन या शेतकरी घरात आलेली. तुमची पणजी शाळेची पायरी चढलेली नव्हती. ती मला 'मास्तरीनबाय' म्हणायची. खूश असली तरी तेच आणि रागावली तरी तेच. कुठलं कुठलं, ते आवाजावरून ओळखावं लागे.

तुमच्या आईने कॉलेजमध्ये असतानाच लहान विमान चालवायला शिकायचं मनात घेतलं. पहाटेची गाडी पकडून ती मुंबईच्या लहान विमानतळावर जायची आणि दुपारी उन्हाने लाल होऊन परत यायची. दोन माणसांचं विमान, एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला शिकवणारे सर. उड्डाणाचे तास भरले, लेखी परीक्षा झाली, शेवटी उरली प्रात्यक्षिक परीक्षा. ती पास झाली की खाजगी वैमानिकाचा परवाना मिळतो. त्या परवान्यावर नोकरी लागत नाही. म्हणजे तुमच्या आजोबांच्या भाषेत, त्याचा काहीही उपयोग नव्हता.

त्याच वर्षी तिला बँकेची नोकरीही लागली होती. जूनच्या मध्यावर रुजू व्हायचं होतं. आजोबा म्हणाले, "मे अखेरपर्यंत तुझं ते विमान. पाऊस लागला की तसंही ते जमिनीवरच. नंतर बँक एके बँक. कबूल?"

"कबूल," ती म्हणाली. मग जेवता जेवता, ताटाकडे बघत म्हणाली, "मला त्यातून काही मिळवायचं नाहीये, बाबा. ही मुलगी एकटी विमान नेऊन परत आणू शकते, एवढं कुणीतरी एकदा लिहून द्यायला हवंय."

आजोबांनी आमटी वाढून घेतली. "सायकल नेऊन परत आणता आली नव्हती. तळ्यात घातली होतीस."

"सहावीत होते मी!"

"तळं तेवढंच आहे अजून."

थट्टा करायचे, पण रोज पहाटे तिला स्टेशनवर सोडायला स्कूटर तेच काढायचे.

आता परीक्षेबद्दल. परीक्षक शेजारी बसतात. वळणं घ्यायला लावतात, उतरायला आणि पुन्हा चढायला लावतात. आणि मध्येच, काही न सांगता, इंजिनाचा दांडा मागे ओढतात. इंजिन बंद करत नाहीत, अगदी मंद करतात, आणि म्हणतात, "इंजिन गेलं. आता?" मग विमान तरंगत खाली येत असताना उमेदवाराने खालचं एक शेत निवडायचं, वारा कुठून आहे ते ओळखायचं, इंजिन पुन्हा चालू होतंय का ते बघायचं, आणि आपण त्या शेतात सुखरूप उतरलो असतो हे दाखवायचं. खरंच उतरत नाहीत. थोडी उंची राहिली की परीक्षक दांडा पुढे करायला सांगतात, आणि विमान पुन्हा वर जातं.

तुमच्या आईला याच भागाची धास्ती होती. म्हणाली, "आई, त्या वेळी बारा गोष्टी करायच्या असतात. एक जरी चुकली तरी गेलं."

बारा गोष्टी! माझ्यासारख्या शिक्षिकेला याहून आनंदाची बातमी कुठली? मी दोनशे पानी वही घेतली, तपकिरी कागदाचं कव्हर घातलं, समास आखला, आणि बाराच्या बारा मुद्दे आकडे घालून लिहून काढले. मग तिला आमच्या शाळेतली युक्ती दिली. चार बोटांना प्रत्येकी तीन पेरं, एकूण बारा. करंगळीच्या खालच्या पेरावर अंगठा ठेवायचा, पहिला मुद्दा म्हणायचा, अंगठा वर सरकवायचा, दुसरा म्हणायचा. अशा रीतीने माझ्या पोरांनी क्रियापदांची रूपं पाठ केली होती आणि बोर्डात मार्क आणले होते.

दोन आठवडे आमच्या घरात दुसरं काही ऐकू आलं नाही. ती लसूण सोलताना म्हणायची, कपडे वाळत घालताना म्हणायची. मी स्वयंपाकघरातून "सातवा!" असं ओरडले की ती ओटीवरून सातवा सांगायची. पणजी सुपात तांदूळ पाखडत बसलेली असायची. एकदा म्हणाली, "मास्तरीनबाय, ही पोरगी इमान चालवनार का जप करनार?"

"आई, पाठ असलं की ऐन वेळी घाबरायला होत नाही," मी म्हणाले.

"असंल बाय," ती म्हणाली, आणि खडे वेचू लागली.

परीक्षा मेच्या पहिल्या आठवड्यात झाली. त्या दुपारी तुमची आई आली, चपला काढल्या, आणि घरात न येता मागच्या दारी कपडे धुवायच्या दगडावर जाऊन बसली. मी पाण्याचा तांब्या घेऊन गेले. तिने पाणी प्यायलं नाही, पायांवर ओतलं.

"बाकी सगळं चांगलं झालं," ती म्हणाली. "मग इथेच, आपल्या खाडीवर आल्यावर, परीक्षक सर म्हणाले, इंजिन गेलं. आणि मी पहिल्या पेरावर अंगठा ठेवला."

मला अजून कळलं नव्हतं. "मग बरोबरच केलंस की."

"आई, उजवा हात दांड्यावर ठेवायचा असतो. मी तो उचलून मांडीवर घेतला आणि पेरं मोजत बसले. पाचव्यापर्यंत गेले तेवढ्यात सर म्हणाले, 'शेत कुठलं?' माझा अंगठा सुटला. कितवा ते आठवेना. मी पुन्हा करंगळीपासून सुरू केलं."

मी रिकामा तांब्या उचलून हातात घेतला.

"दुसऱ्यांदा आठव्यापर्यंत पोचले तेव्हा उंची संपली होती. खाली काय आहे ते मी एकदाही नीट बघितलं नव्हतं. सर म्हणाले, 'तुम्ही जे म्हणताय ते सगळं बरोबर आहे. पण बाहेर कोण बघतंय?'"

तेवढा एक भाग तिला पुन्हा द्यायचा होता. मे संपता संपता शेवटची संधी, त्यापुढे पाऊस आणि बँक. ती रडली नाही. मीच आत जाऊन डोळे पुसून आले. नापास ती झाली होती, पण पेपर माझा होता. ती युक्ती मी शेकडो मुलांना शिकवली होती. त्यातल्या कुणालाही पेपर लिहिताना वर्गाच्या खिडकीबाहेर बघायची गरज पडली नव्हती.

मी परत आले तेव्हा पणजी तिच्या शेजारी उकिडवी बसली होती.

"शेवटाला कुटं उतरवायचं म्हनालीस मंग?"

"खाजणात. मिठागराच्या अलीकडचा तो पांढरा पट्टा नाही का? वरून एकदम सपाट दिसतो. रस्त्यासारखा."

पणजी हसायला लागली. हसता हसता ठसका लागला, मला तिची पाठ चोळावी लागली. "अगो बाय! तिकडं आपला बैल गेलता पोटाबरोबर. चार मान्सांनी दोर लावून काढला. ती जमीन वरशी सुकलेली, खालती सगला चिखल. तुझा इमान गेला असता डोक्यावर."

तुमची आई तिच्याकडे बघत राहिली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आई, वहीतला तिसरा मुद्दा काय आहे?"

"योग्य शेत निवडणे," मी म्हणाले.

मी त्याच्याखाली लाल शाईने रेघही मारली होती. योग्य म्हणजे काय, ते मला माहीत नव्हतं. लग्नाला पंचवीस वर्षं झाली होती आणि माझ्याच घरामागची कुठली जमीन बैल गिळते, हे मी कधी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून शिकवणी पणजीकडे गेली. सकाळी उन्हं चढायच्या आत ती काठी घेऊन निघायची, मागे तुमची आई, आणि शाळेला सुट्टी असल्यामुळे तिच्या मागे मी. तोवर तुमच्या आईने ती शेतं फक्त वरून बघितली होती, आणि मी फक्त गच्चीवरून. पणजीने आम्हाला ती पायाखालून दाखवली. कापणीनंतरचं भाताचं शेत मे महिन्यात कसं खडखडीत असतं, टाचेने दाबलं तर आवाज कसा येतो. कुठलं शेत लांब आहे, कुठल्याच्या मधोमध विजेचा नवा खांब आलाय. आणि बांध. दोन शेतांमधला मातीचा बांध वरून एक रेघ दिसतो, जवळ गेलं की गुडघ्याएवढा असतो.

"बांधाला धरून उतरायचा," पणजी म्हणाली. "बांध आडवा आला का चाक मोडतं. गाडीचा काय नि इमानाचा काय."

वाऱ्याचंही सांगितलं. सकाळी वारा डोंगराकडून येतो, उन्हं वर आली की फिरतो आणि खाडीकडून यायला लागतो. "मधी थोडा येल काय पन नसतो. तवा धूर बगायचा."

घरी आल्यावर तुमची आई अंगणात रांगोळीने तो सगळा भाग काढायची. आमच्या गावच्या मुलींच्या बोटांत रांगोळी असतेच. शेतं पिवळी, मिठागरं पांढरी, खाडी निळी, बांध कोळशाच्या भुकटीचे. पणजी बघायची आणि चुकलेली वाट पायाच्या अंगठ्याने पुसून टाकायची. आजोबांना स्कूटर बाहेर काढायला जागा उरायची नाही. "आमच्या उड्डाणाला परवानगी आहे का?" असं विचारत ते खाडीवरून ढांग टाकून जायचे.

माझ्याकडे एकच काम उरलं होतं. पेरांची सवय मोडायची. तुमच्या आईचा अंगठा आपोआप करंगळीकडे जायचा, झोपेतसुद्धा गेला असता. मी अंगणात खुर्ची ठेवली, डाव्या हातात सुकाणू म्हणून लाटणं दिलं, आणि उजव्या हातात खलबत्त्याचा लोखंडी बत्ता, स्टुलावर आडवा. तो तिचा इंजिनाचा दांडा. वजन हातात असलं की अंगठा भटकत नाही. ती मुद्दे म्हणू लागली की मी मध्येच तोडायचे. "वारा कुठून?" "ते झाड कुठलं?" "आज वार कोणता?" जन्मभर मी मुलांना वाक्य पूर्ण करायला लावलं, आणि आता स्वतःच्या मुलीला एकही वाक्य पूर्ण करू देत नव्हते. पहिले दोन दिवस ती चिडून बत्ता टाकून उठायची. तिसऱ्या दिवशी मी विचारलं, "आमटीत मीठ घातलं का?" तर ती समोरच्या शेताकडे बघतच म्हणाली, "घातलं, वारा डोंगराकडून, इंधन चालू, तू गप्प बस." मला फार बरं वाटलं.

दुसऱ्या परीक्षेच्या दिवशी ती नेहमीसारखी पहाटे गेली. वही घरीच ठेवून गेली.

पेरणीआधी शेताच्या एका कोपऱ्यात वाळका पाला, शेण, गवत पसरून जाळतात. त्याला राब भाजणं म्हणतात. त्या भाजलेल्या मातीत भाताची रोपं चांगली धरतात. आजूबाजूच्या बऱ्याच जणांचे राब भाजून झाले होते, काहींचे चालू होते. आमचा राहिला होता. पणजी रोज म्हणायची, "उद्या." त्या सकाळी नवाच्या सुमाराला ती काडेपेटी घेऊन निघाली तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी धावत तिच्या मागे शेतात गेले.

"आई, तुम्ही मुद्दाम आज पेटवताय?"

"राब हाय. पेटवायचा नाय तं काय पूजा करायची?"

"तिला वारा कळावा म्हणून ना? आई, ही परीक्षा आहे. ही कॉपी झाली."

हसू नका. मी इतकी वर्षं वर्गांवर सुपरव्हिजन केलं होतं. मुलांच्या कंपासपेटीतून चिठ्ठ्या काढल्या होत्या. मला खरोखर घाम फुटला.

पणजीने मूठभर माती उचलून हवेत सोडली. ती कुठे जाते ते बघितलं, आणि वारा जिकडे जात होता राबाच्या त्या टोकाला जाऊन बसली, म्हणजे आग हळूहळू वाऱ्याच्या उलट सरकत येते. काडी ओढता ओढता म्हणाली, "मास्तरीनबाय, वारा काय मी सोडलाय?"

मी दोन पावलं मागे सरून बांधावर उभी राहिले. 

धूर वर गेला आणि खाडीकडे कलला. आंब्याच्या झाडाखाली तुमचे आजोबा ऑफिसच्या कपड्यांत उभे दिसले. "पोट बिघडलंय," माझ्याकडे न बघता ते म्हणाले.

विमान बऱ्याच वेळाने आलं. आधी आवाज, मग मिठागरांवर एक पांढरा ठिपका. वळलं, परत वळलं, जवळ आलं. आणि मग आवाज गेला.

मला माहीत होतं की इंजिन नुसतं मंद केलंय. तिने मला दहा वेळा समजावलं होतं. पण पोटची मुलगी ज्यात बसलीय त्या वस्तूचा आवाज आकाशात थांबला की माहीत असण्याचा काही उपयोग होत नाही. विमान पांढऱ्या पट्ट्याच्या दिशेने गेलं. माझ्या तोंडून "नको, नको" निघालं. मग ते कललं, मोठं वळण घेतलं, आणि आमच्याकडे यायला लागलं. खाली, आणखी खाली. पंखाखालची अक्षरं दिसायला लागली. पणजी कपाळावर हात धरून उभी होती. आजोबा झाडाखालून उन्हात आले होते.

आणि माझ्या लक्षात आलं की माझा अंगठा मधल्या बोटावर आहे. मी पेरं मोजत होते. बारा झाली, पुन्हा करंगळीपासून सुरू केलं होतं.

इंजिन गरजलं. विमान आमच्या शेतावरून वर चढलं आणि दक्षिणेला निघून गेलं. धूर क्षणभर विस्कटला, मग पुन्हा खाडीकडे कलला.

"झाला काय?" पणजीने विचारलं.

"माहीत नाही, आई."

दुपारी तुमची आई आली. या वेळी दगडावर गेली नाही, सरळ घरात आली आणि पंख्याखाली उभी राहिली. आम्ही तिघं तिच्या तोंडाकडे बघत होतो.

"लिहून दिलं," ती म्हणाली. "सरांनी सही केली."

आजोबा म्हणाले, "मग आता जेवा," आणि चष्मा पुसत आत गेले.

मी तिला खोदून खोदून विचारलं. सरांनी मुद्दाम त्याच जागी नेलं होतं. तिने शेत दाखवलं तेव्हा त्यांनी विचारलं, "ते पांढरं का नाही? ते तर जास्त मोठं आहे." तिने सांगितलं, "सर, तिथे आमचा बैल बुडाला होता." त्यांनी वाकून खालच्या पट्ट्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "पुढे चला."

"आणि धूर?" मी हळूच विचारलं. "धूर दिसला का?"

"कितीतरी दिसले, आई. दोन-तीन जूचंद्रला, तेवढेच पलीकडे, सगळे एकाच बाजूला झुकलेले. आपला दिसायच्या आधीच वारा कळला होता."

म्हणजे कॉपी झाली नव्हती. मला हलकं वाटलं, आणि पणजीसाठी थोडं वाईटही. मी तिच्याकडे पाहिलं. तिला धुराचं काही पडलेलं नव्हतं.

"बांधाला धरून का आडवा?" तिने विचारलं.

"बांधाला धरून, आजी."

"मंग झाला," पणजी म्हणाली, आणि पान लावायला बसली.

पावसाआधी तुमची आई आणखी तीनदा एकटी उडाली. पुढच्या थंडीत बँकेला सुट्टी असायची त्या रविवारी काही वेळा गेली. मग लग्न झालं, तुम्ही झालात, तिकडे गेलात, आणि परवान्याची मुदत कधीतरी संपून गेली. त्याबद्दल मी तिला कधी हळहळताना पाहिलं नाही. तिला जे लिहून हवं होतं ते तिच्याकडे आहे, तुम्हाला सापडलेल्या त्या निळ्या पुस्तकात. ते होतं तिथे ठेवा.

पणजी गेली. आपलं शेत होतं तिथे आता सात मजल्यांच्या इमारती आहेत, आणि जिथे बैल बुडाला होता त्या बाजूला भराव पडलाय. मे महिन्यात मी गच्चीवर गेले की वारा अजून तसाच फिरतो, सकाळी डोंगराकडून आणि मग खाडीकडून. धूर मात्र नसतो, म्हणून मी वाळत घातलेल्या कपड्यांकडे बघते.

ती वही माझ्याकडे आहे. पुढच्या वेळी कुणी तिकडे येणार असलं की पाठवीन. बारा मुद्दे माझ्या अक्षरात आहेत, शाईने, समास सोडून. त्यांच्याखाली तेरावा आहे, पेन्सिलीने, तुमच्या आईच्या गिचमिड्या अक्षरात, पणजीने सांगितला तसाच्या तसा: 'बांधाला धरून उतरायचा.' त्याला आकडाही नीट घातलेला नाही. मी त्यात काहीही दुरुस्त केलेलं नाही.